व्यवसायाच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना : कोकण किनाऱ्यावरच्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत असंख्य ऑफिसांत एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले पाच-पंचवीस संगणक असतात. आंबा कॅनिंग, काजू कारखाना, मासळीचा व्यापार, बर्फ कारखाना, हॉटेल, पतसंस्था, लोटे किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीतलं छोटं युनिट, सगळीकडे हेच चित्र. हे पान त्या ऑफिसांच्या मालकांसाठी आणि तिथल्या दिवाणजींसाठी आहे. प्रश्न त्यांनीच फोनवर किंवा ऑफिसात बसून विचारलेले आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचा, पण बॅकअपचा प्रश्न कोणीही वगळू नका.

सर्व्हर नीट चालतोय. मग त्याला हात कशाला लावायचा?

कारण ठरलेल्या तारखेनंतर कंपनी त्याच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं बंद करते. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. पैसे भरून मिळणाऱ्या वाढीव दुरुस्त्यांचीही शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ आणि २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१. तुमचा सर्व्हर २०१६ चा असेल तर तयारी लगेच सुरू करा. कोणता मोसम मोकळा आहे हे पाहून दिवस ठरवावा लागतो, आणि असे मोसम वर्षातून एक-दोनच येतात.

दुरुस्ती न बसवल्याने काय होतं हे मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने दाखवलं. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेली यंत्रं जगभर बंद पडली. सपोर्ट संपलेल्या सर्व्हरवर तर बसवायला दुरुस्तीच येत नाही.

"आमच्या सर्व्हरला इंटरनेटच नाही" असंही बरेच जण सांगतात. पण त्याला जोडलेल्या बिलिंगच्या संगणकावर मेल उघडला जातो, व्हॉट्सॲप वेब चालतं, पेन ड्राइव्ह लागतो. शिरणारा तिथूनच आत येतो.

दुसरा त्रास हळूहळू जाणवतो. विंडोज सर्व्हर २०१२ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे, त्यापुढची बसतच नाही. मग एखादी वेबसाइट अर्धवट उघडते, नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही, अँटिव्हायरस नूतनीकरणाला नकार देतो. यातलं काही ना काही बंद पडतं ते नेमकं भर हंगामात.

आमच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते कसं कळेल?

विंडोज असेल तर 'सर्व्हर मॅनेजर' उघडून डावीकडे 'लोकल सर्व्हर'वर क्लिक करा. उजव्या बाजूला ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव दिसेल. त्याच वेळी एका वहीत सर्व्हरचं नाव, आयपी पत्ता, डिस्कमध्ये किती जागा उरली आहे, कोणकोणते प्रोग्रॅम चालतात आणि कोणते फोल्डर शेअर केले आहेत ते लिहून काढा. हे पान पुढे इतकं उपयोगी पडतं की ते लिहून होईपर्यंत आम्ही कामाची तारीखच ठरवत नाही.

वर्षातल्या कोणत्या महिन्यात हे काम करावं?

कोकणात या प्रश्नाचं उत्तर धंद्यावर ठरतं. पुण्या-मुंबईचं वेळापत्रक इथे चालत नाही.

आंबा बागायतदार आणि कॅनिंगवाले : फेब्रुवारीअखेरपासून जूनपर्यंत सर्व्हरला हात लावू नका. पेट्यांची आवक, वाशीहून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), मजुरांचा हिशेब आणि नंतर कॅनिंगची खरेदी असं सगळं एकामागून एक येतं. नोव्हेंबर-डिसेंबर सर्वात चांगला. पाऊस गेलेला असतो, मोहोराची कामं बागेत चालू असली तरी ऑफिस मोकळं असतं, आणि काही अडलंच तर पहिली पेटी निघेपर्यंत हातात दोन महिने राहतात. काजू कारखान्यांनाही हेच लागू पडतं, कारण ओल्या-सुक्या बीची खरेदी साधारण त्याच काळात सुरू होते.

मासळीचे व्यापारी आणि बर्फ कारखाने : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑफिसच्या दृष्टीने एवढी निवांत वेळ दुसरी नाही. अडचण विजेची. जूनच्या पहिल्या पावसात लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही. तरीही आमचा सल्ला बंदीचाच काळ धरा असा आहे. फक्त जनरेटरची सोय करा आणि पावसाची पहिली झड ओसरल्यावर, जुलैमध्ये काम घ्या.

हॉटेल आणि होम-स्टे : गणपती झाल्यावर ते दिवाळीच्या आधी. मे, दिवाळी आणि नाताळ हे तिन्ही वर्ज्य.

पतसंस्था आणि सहकारी संस्था : मार्चअखेर, एप्रिल आणि लेखापरीक्षण चालू असेपर्यंत अजिबात नको. ऑगस्टनंतरचा काळ बघा.

गणपतीच्या सुट्टीत करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण ऑफिस तसंही बंद असतं. आम्ही त्याला नाही म्हणतो. त्या दिवसांत टॅलीचा पार्टनर, इंटरनेटवाला, वायरमन सगळेच आपापल्या घरी असतात. मुंबईहून इंजिनिअर बोलवायचा म्हटला तर कोकण रेल्वेचं तिकीट मिळत नाही. अडल्यावर मदतीला कोणीच नाही अशी वेळ आपणहून ओढवून घेऊ नये. शिमग्यालाही तेच.

महिना ठरला की तारीख. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी आणि महिनाअखेरीला पगार. म्हणजे २० नंतरचा आणि महिनाअखेरच्या आधीचा शनिवार-रविवार उरतो. शनिवारी दुपारी काम सुरू झालं तर रविवार हाताशी राहतो.

आहे त्याच मशीनवर नवी आवृत्ती चढवायची की नवीन मशीन घ्यायचं?

या पानावरचा आमचा सर्वात ठाम सल्ला इथे आहे. ज्या एकमेव मशीनवर धंदा चालतो, त्याच्यावरच प्रयोग करू नका. नवीन सर्व्हर शेजारी उभा करा, त्यावर सगळं बसवा, डेटाची प्रत नेऊन तपासा, आणि खात्री पटल्यावरच लोकांना नव्यावर आणा. तोवर जुना जसाच्या तसा चालू ठेवा. काही बिनसलं तर सोमवारी सकाळी जुन्यावर काम सुरू करता येतं. एकाच मशीनवर सिस्टीम चढवताना मध्येच काही तुटलं, तर परतीची वाट बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करण्याची. त्यात सोमवार जातो, कधी मंगळवारही.

आहे त्याच मशीनवर चढवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. विंडोज सर्व्हर २०२२ पर्यंत एका उडीत जास्तीत जास्त दोन आवृत्त्या पुढे जाता येत होतं, म्हणजे २०१६ वरून थेट २०२२. सर्व्हर २०२५ मध्ये ही मर्यादा चार आवृत्त्यांपर्यंत वाढवली, त्यामुळे २०१२ आर२ वरूनही थेट २०२५ वर जाता येतं. साध्या २०१२ वरून मात्र मधला टप्पा घ्यावा लागतो. पण अशा अपग्रेडबरोबर जुन्याचा सगळा कचराही पुढे येतो : कधीकाळी बसवलेले ड्रायव्हर, अर्धवट काढलेले अँटिव्हायरस, कोणी दिल्या ते आठवत नाही अशा परवानग्या.

किनाऱ्यावर आणखी एक मुद्दा आहे. खाऱ्या दमट हवेत सात-आठ वर्षं चाललेल्या मशीनचे संपर्कबिंदू गंजलेले असतात, पंखे घरघरत असतात, हार्ड डिस्क शेवटाकडे आलेल्या असतात. अशा मशीनमध्ये नवी सिस्टीम टाकून पुढची पाच वर्षं काढू म्हणणं आम्हाला पटत नाही. अपवाद एकच : सर्व्हर आधीच आभासी मशीन म्हणून (एका खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) चालत असेल, तर त्याची पूर्ण प्रत काढून त्या प्रतीवर अपग्रेड करून बघा. प्रत बिघडली तरी मूळ मशीन शाबूत राहतं.

नवीन घेताना आम्ही बहुतेक ठिकाणी हायपर-व्ही (आभासी मशीन चालवणारी विंडोजमधली सोय) बसवून त्यात दोन आभासी मशीन करतो, एक डोमेनसाठी (सगळ्यांचं लॉगिन एका ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) आणि एक टॅली-फाइलसाठी. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका पूर्ण लायसन्समध्ये अशी दोन मशीन चालवायचा हक्क असतो. पुढच्या वेळी सगळं हलवणं फार सोपं जातं.

आमच्याकडे डोमेन आहे. लॉगिन, पासवर्ड, परवानग्या पुन्हा करायच्या?

नाही. नवा सर्व्हर त्याच डोमेनमध्ये दुसरा डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) म्हणून जोडायचा, माहिती त्याच्याकडे पोचली की पाचही मुख्य भूमिका त्याच्याकडे द्यायच्या, आणि काही दिवस नीट चालल्यावर जुन्याचा हुद्दा रीतसर काढून घ्यायचा. वापरणाऱ्यांचे पासवर्ड तेच राहतात.

दोन गोष्टी आधी तपासा. डोमेन फार जुनं असेल आणि सिसव्हॉलची (डोमेनच्या सामायिक फोल्डरची) देवाणघेवाण अजून एफआरएस या जुन्या पद्धतीने होत असेल, तर ती आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावी लागते, नाहीतर सर्व्हर २०१९ किंवा त्यापुढचा डोमेन कंट्रोलर जोडलाच जाणार नाही. आणि सर्व्हर २०२५ चा डोमेन कंट्रोलर हवा असेल, तर डोमेनची कार्यपातळी किमान २०१६ ची लागते. म्हणजे २०१२ आर२ च्या कंट्रोलरवरून एका घासात तिथे जाता येत नाही, मध्ये २०१६, २०१९ किंवा २०२२ चा थांबा घ्यावा लागतो.

घड्याळही बघा. जुन्या मदरबोर्डचा सेल संपला की वेळ मागे पडते, आणि सर्व्हर व संगणक यांच्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेनचं लॉगिन नाकारलं जातं. सगळे संगणक एकदम "पासवर्ड चुकीचा" म्हणू लागले तर आधी घड्याळ पाहावं.

टॅलीचं काय करायचं?

टॅलीचा डेटा हलवणं सोपं आहे. डेटाच्या फोल्डरमध्ये १०००० सारख्या नुसत्या आकड्यांच्या नावांचे उपफोल्डर असतात, एका कंपनीला एक. सगळ्या संगणकांवर टॅली बंद करून ते जसेच्या तसे नव्या सर्व्हरवर न्यायचे. टॅलीमधून घेतलेला बॅकअप वेगळा काढून ठेवायचा.

लोक अडतात ते लायसन्सवर. ते मशीनला बांधलेलं असतं. जुन्या मशीनवर ते 'सरेंडर' करायचं आणि नव्यावर चालू करायचं. हे अगदी शेवटी करा, डेटा तपासून झाल्यावर. सरेंडर केल्यावर जुन्या मशीनवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. त्यात जुन्या नोंदी बघता येतात, पण नवी नोंद फक्त १, २ आणि ३१ तारखेचीच घालता येते. परत जुन्यावर यायची वेळ आली तर लायसन्सही परत आणावं लागेल, आणि त्यासाठी इंटरनेट लागतं, हे लक्षात असू द्या.

नव्या सर्व्हरला जुन्याचंच नाव द्यावं की वेगळं? नाव बदललं तर प्रत्येक संगणकावर टॅलीचा डेटा मार्ग, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट आणि मॅप केलेले ड्राइव्ह बदलावे लागतात. वीस संगणकांवर हे करताना एखादा राहतोच, आणि तो राहिलेला मनुष्य जुन्या सर्व्हरवर दोन दिवस बिलं करत बसतो. म्हणून जुना बाजूला झाल्यावर नव्याला तेच नाव द्यावं, किंवा दुसरं दिल्यास जुन्यावरचा शेअर लगेच बंद करावा.

टॅली ईआरपी ९ वरून टॅलीप्राइमवर जायचं असेल तर ते वेगळ्या आठवड्यात करा. दोन बदल एकाच दिवशी केले की बिघाड कशाने झाला हे कळत नाही.

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर फार जुनं आहे. ज्याने लिहिलं तो आता भेटत नाही.

कोकणात हे घरोघरी आहे. कोणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला पेट्यांचा किंवा कर्जखात्यांचा प्रोग्रॅम, आणि सगळा धंदा त्यावर.

आधी तो कशात लिहिला आहे ते शोधा. डॉसमधला फॉक्सप्रो असेल तर तो ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाही, आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून पुढचे सगळे ६४ बिटचेच आहेत. व्हिज्युअल फॉक्सप्रो किंवा व्हीबी ६ मधला असेल तर बहुधा चालतो, पण अहवाल आणि प्रिंट एकेक करून तपासावे लागतात. मागे एसक्यूएल सर्व्हर (डेटा साठवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम) असेल तर त्याचीही मुदत बघा : २०१४ ची आवृत्ती ९ जुलै २०२४ ला संपली, २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६.

प्रोग्रॅम नव्यावर चालतच नसेल, तर त्याचं जुनं मशीन जसंच्या तसं आभासी मशीनमध्ये उतरवून घ्या, त्याचं इंटरनेट पूर्ण तोडा, आणि फक्त गरजेच्या दोन-तीन संगणकांनाच तिथे पोचता येईल अशी व्यवस्था करा. ही सोय तात्पुरती समजा. दरम्यान डेटा एक्सेलमध्ये काढून घेता येतो का ते बघा. डेटा बाहेर काढता येतो तोवर नवा प्रोग्रॅम घेण्याची मोकळीक तुमच्याकडे राहते.

बॅकअप रोज होतो. तेवढा पुरे ना?

शेवटचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून कोणी, कधी पाहिला? याचं उत्तर मिळत नसेल तर पुरे नाही.

रोज रात्री बॅकअप होतोय असा हिरवा संदेश येतो आणि प्रत्यक्षात फोल्डर रिकामा असतो, किंवा कोणीतरी डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्यापासून जुन्याच फोल्डरची प्रत निघत असते. म्हणून अपग्रेडच्या आधीच्या आठवड्यात एक पूर्ण चाचणी घ्या. बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, डेटा परत आणा, टॅली किंवा तुमचा प्रोग्रॅम उघडा. काल संध्याकाळचं शेवटचं व्हाउचर दिसतं का पाहा. ट्रायल बॅलन्स आणि शिल्लक माल जुन्या सर्व्हरशी ताडून पाहा. हे काम दिवाणजींनी करावं, संगणकवाल्याने नव्हे. आकडा बरोबर आहे की नाही हे त्यांनाच कळतं. जुळलं की ट्रायल बॅलन्सची प्रिंट काढून त्यावर तारीख घालून फाइलला लावा. नव्या सर्व्हरवर हाच कागद पुढ्यात ठेवून तपासायचं आहे.

प्रती किमान तीन हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक ऑफिसबाहेर. सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क ऑफिसबाहेर धरता येत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा एका खोलीत असलेलं सगळं एकत्रच पाण्याखाली गेलं. पुराच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाने एक प्रत उंचावरच्या घरी किंवा दुसऱ्या गावी ठेवावी, किंवा क्लाउडवर. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरमध्येही (वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यात) वाचत नाही, सर्व्हरबरोबर तीही कुलूपबंद होते. बॅकअप झाला की ती काढून कपाटात ठेवा.

"आमच्याकडे रेड आहे", म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिला जातो, हे उत्तर इथे चालत नाही. रेडमुळे एक डिस्क मेली तर काम चालू राहतं. फाइल पुसली गेली किंवा बिघडली तर ती दोन्ही डिस्कवर एकदमच जाते.

मध्येच लाईट गेली तर?

सिस्टीम बसत असताना वीज गेली तर मशीन उठेल याची खात्री नाही, म्हणून ही काळजी अगदी रास्त आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती. एवढं मोठं संकट नसलं तरी दुपारी ढग आले की लाईट जाते हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या. सर्व्हर आणि स्विच जोडून, मेन स्विच पाडून किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांत बसत असेल तर आधी बॅटरी बदला. घरगुती इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, लाईट गेल्यावर तो बदलून घेतो त्या क्षणात काही सर्व्हर रीस्टार्ट होतात. जनरेटर असेल तर डिझेल भरून एकदा लोडवर चालवून पाहा, आणि सर्व्हर जनरेटरवरही यूपीएसमधूनच घ्या. महावितरणचा देखभालीचा दिवस कोणता हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

अर्थिंगकडे कोणी बघत नाही. जांभ्याच्या कातळावरच्या ऑफिसात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि पहिल्या गडगडाटात नेटवर्कचे पोर्ट, मोडेम, कधी मदरबोर्डही जातो. नवं मशीन लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, गरज असेल तर खड्डा नव्याने भरून घ्या. वीज कडाडत असेल त्या दिवशी काम पुढे ढकला.

इंटरनेटचंही तसंच. महामार्गाच्या खोदाईत फायबर तुटली की पूर्ण दिवस जातो. सिस्टीमची फाइल, ड्रायव्हर, टॅलीचा सेटअप, अपडेट सगळं आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. लायसन्स चालू करण्यापुरता मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.

लायसन्सचा खर्च कसा मोजतात?

विंडोज सर्व्हर स्टँडर्ड प्रोसेसरच्या कोअरवर विकला जातो आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, आतला प्रोसेसर लहान असला तरी. त्याशिवाय वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा उपकरणामागे 'कॅल', म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना, लागतं. कोटेशनमधून बहुतेक वेळा नेमकं हेच गाळलेलं असतं. जुन्या आवृत्तीचं कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही, हेही आधीच विचारून घ्या. पंचवीसपर्यंत माणसं असतील तर एसेन्शियल्स ही आवृत्ती विचारात घ्या, तिला वेगळं कॅल लागत नाही.

रंगीत तालमीसाठी मायक्रोसॉफ्टची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. फक्त चाचणी आवृत्तीवर डोमेन कंट्रोलर करून तोच पुढे कायम ठेवू म्हणू नका, कंट्रोलर असताना त्याचं रूपांतर होत नाही. चोरीची प्रत बसवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तिच्यासोबत आत काय आलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे.

सेंटओएस ७ असेल तर त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली, आणि सेंटओएस ८ ची त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ ला. अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर जा. जागच्या जागी बदलायची साधनं आहेत, पण आमचा शेजारी-नवा-सर्व्हर हा आग्रह इथेही तसाच आहे.

उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या एकेक पायरीने चढायच्या असतात : २०.०४ वरून २२.०४, मग २४.०४. दुरून जोडून करत असाल तर अपग्रेड चालू असताना १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर एक जादा दार उघडलं जातं, फायरवॉलमध्ये त्याला वाट ठेवा. डेबियनमध्येही आवृत्ती गाळून उडी मारू नये.

बदलल्यावर स्कॅनर चालत नाही, काटा चालत नाही असं ऐकतो. खरं का?

खरं आहे, आणि सोमवारी सकाळी सर्वात जास्त फोन याचेच येतात. जुने झेरॉक्स-स्कॅनर स्कॅन केलेला कागद सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकताना एसएमबी १ ही जुनी पद्धत वापरतात. सर्व्हर २०१९ पासून ती मुळात बसवलेलीच नसते. ती पुन्हा चालू करू नका, वॉनाक्राय तिच्यातूनच पसरला होता. स्कॅनरचं फर्मवेअर अद्ययावत होतं का बघा, नाहीतर स्कॅन मेलवर पाठवायची सोय करा. सर्व्हर २०२५ आणखी कडक आहे. तो स्वतः दुसऱ्या साठवणीला जोडताना एसएमबीची सही मागतो, त्यामुळे जुन्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) जाणारा बॅकअप गुपचूप थांबू शकतो.

वजनकाटा सिरीयल पोर्टवर चालतो. नव्या मशीनला तो पोर्ट नसेल तर यूएसबीचं कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा आणि पोर्टचा क्रमांक जुनाच द्या. हजेरीचं बोटाचं मशीन, बारकोड प्रिंटर, सीसीटीव्हीची साठवण, सगळ्यांची नावं सुरुवातीच्या वहीत असतील तर काहीच निसटत नाही.

त्यापेक्षा सगळं क्लाउडवर का नेऊ नये?

मेल आणि बॅकअपची एक प्रत जरूर न्या. रोजचं बिलिंग न्यायचं की नाही हे तुमच्या गावच्या इंटरनेटवर ठरवा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या असतील तर विचार करा. एकच फायबर आणि मोबाइलला एकच दांडी येत असेल, तर काटा, बिलिंग आणि गेटपास ऑफिसातच ठेवा.

कायद्याच्या दृष्टीने काही बघावं लागतं का?

हो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात आणि कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं. म्हणून चालू वर्षाबरोबर जुनी वर्षंही नव्या सर्व्हरवर न्या आणि तिथे उघडून बघा. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणं बंधनकारक आहे, ती सोय नव्या ठिकाणी चालू आहे याची सीएंकडून खात्री करून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सर्व्हर बदलताना जुने लॉग मागेच राहतात. ते काढून घ्या.

ओळखीचा एक मुलगा करून देतो म्हणतो. चालेल?

चालेल, त्याला काम येत असेल तर. गावातला माणूस अडीअडचणीला लगेच येतो, हे मोलाचं आहे. त्याला विचारा : परत जुन्यावर यायचं ठरलं तर कसं येणार, किती वाजेपर्यंत वाट बघून तो निर्णय घेणार, आणि बॅकअप उघडून कधी दाखवणार. तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर काम द्या. परत येण्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. रविवारी दुपारी चारपर्यंत आकडे जुळले नाहीत तर परत जुन्यावर, असं आधी ठरलेलं असलं की थकलेल्या डोक्याने निर्णय घ्यावा लागत नाही.

काम झाल्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, डोमेन दुरुस्तीचा वेगळा पासवर्ड आणि सगळ्या लायसन्सच्या किल्ल्या बंद पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत ठेवा. त्या फक्त करणाऱ्याच्या डोक्यात राहू देऊ नका.

नव्यावर आल्यानंतर जुन्या सर्व्हरचं काय?

पहिले दोन आठवडे तो नेटवर्कमधून काढून, पण जागेवरच ठेवा. रोज सकाळी नव्याचा बॅकअप झाला का आणि डिस्कमध्ये जागा किती उरली हे पाहत राहा. एक जीएसटी विवरण नव्यावरून भरून झालं, एक पगार निघाला, महिनाअखेरचा अहवाल जुळला, की जुना बंद करून कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा. पावसाळ्यात अधूनमधून चालू करून बघा, नाहीतर दमट हवेने तो उठणार नाही.

येणाऱ्या ३१ मार्चचं लेखापरीक्षण पार पडेपर्यंत तो विकू नका. नंतर डिस्क पूर्ण पुसून किंवा फोडून मगच मशीन बाहेर द्या, आणि भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्या. त्याची पावती लेखापरीक्षणाच्या फाइलमध्ये लावा.